वासा, अमिर्झा आणि चार पानांचा एक निबंध

'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाच्या १४ जानेवारी १९८९च्या अंकात पान ८५ ते ८८ एवढ्या जागेत एक निबंध छापून आला. लेखक सहा. पहिलं नाव आर. ए. बंग, म्हणजे डॉ. राणी बंग. विषय होता ग्रामीण भारतातल्या स्त्रियांचे स्त्रीरोग, आणि अभ्यास झाला होता गडचिरोली तालुक्यातल्या दोन गावांत: वासा आणि अमिर्झा. वैनगंगेच्या या धानपट्ट्यातल्या गावांची नावं तोवर नागपुरातही फारशी कुणाला ठाऊक नव्हती. पुढच्या दहा वर्षांत कैरो, गिझा, कर्नाटक, बांगलादेश इथल्या संशोधकांच्या लेखनात गडचिरोली हे नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं.

मराठी वाचकाला राणी बंग माहीत आहेत त्या वेगळ्या वाटेने. 'गोईण' आणि 'कानोसा' ही त्यांची पुस्तकं, पती अभय बंग यांच्यासोबत मिळालेला 'महाराष्ट्र भूषण', २०१८ची पद्मश्री, कुमारवयीन मुलामुलींसाठीचं 'तारुण्यभान' शिबिर. त्यांच्यावर मराठीत लिहिलं गेलं ते बहुतेक गौरवाच्या सुरात. आदिवासी भागात जाऊन राहिलेली डॉक्टर, त्याग, सेवा वगैरे. यात खोटं काही नाही. पण या सुरात एक गोष्ट हरवते, ती म्हणजे संशोधक राणी बंग. चंद्रपूर-गडचिरोलीला बाबा आमट्यांच्या आनंदवनाची आणि हेमलकशाच्या लोकबिरादरीची ओळख असल्यामुळे इथे काम करणारा प्रत्येक डॉक्टर आपण त्याच चौकटीत बसवतो. बंग यांच्या संस्थेचा परिसर असलेल्या शोधग्रामच्या नावातच 'शोध' आहे, तरी आपण तिथे सेवाच पाहून येतो. पुढची पानं ही चौकट थोडी बाजूला सारून वाचावीत, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

राणी चारी यांचा जन्म १९५१चा, चंद्रपूरचा. तेव्हाचा चंद्रपूर, त्या काळचा चांदा जिल्हा, दक्षिणेला थेट सिरोंच्यापर्यंत पसरलेला होता. गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे पुढे ज्या मुलखात त्या काम करायला गेल्या तो त्यांच्याच जिल्ह्यातून तुटून निघालेला होता. वैद्यकीय शिक्षण नागपूरला झालं आणि स्त्रीरोगशास्त्रात त्या एम. डी. झाल्या. १९७७मध्ये लग्न. अभय बंग हे वर्ध्याचे, सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले, ठाकुरदास आणि सुमन बंग यांचे चिरंजीव. दोघांनी वर्धा जिल्ह्यात 'चेतना विकास' या संस्थेतून गावात दवाखाना चालवला, शेतमजुरांत काम केलं.

त्या वर्षांत एक धडा मिळाला. रोजगार हमीच्या मजुरीचा सरकारी हिशेब दिवसाला ४ रुपयांवर थांबत होता. अभय बंग यांनी आहाराचा, श्रमाचा आणि कुटुंबाच्या खर्चाचा हिशेब नव्याने मांडून ती १२ रुपये असायला हवी असं दाखवलं. मोर्चे निघत होतेच, पण सरकारला अडचणीचा ठरला तो हा हिशेब. मजुरी वाढली. दवाखान्यात पाचशे रोगी तपासून जे होत नाही ते नीट मांडलेल्या एका आकड्याने होऊ शकतं, हे दोघांच्या लक्षात राहिलं. मग सार्वजनिक आरोग्य आणि संशोधनाची पद्धत शिकायला दोघं अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४मध्ये पदवी घेऊन परतले. डिसेंबर १९८५मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन झाली. १९८६पासून मुक्काम गडचिरोली.

त्या काळी 'स्त्रियांचं आरोग्य' म्हणजे काय होतं ते आठवायला हवं. सरकारी कागदांत स्त्री दोनच रूपांत दिसायची: गरोदर माता आणि कुटुंबनियोजनाची लाभार्थी. मार्च महिना आला की टार्गेट पूर्ण करायची धावपळ, शाळेच्या खोल्यांत शस्त्रक्रियांची शिबिरं. ज्या पोटावर टाके घातले जात त्या पोटात त्याआधी आणि त्यानंतर काय दुखतंय, हे विचारणारा रकाना कुठल्याच रजिस्टरात नव्हता. ही फक्त भारताची गत नव्हती. गरीब देशांतल्या गावांमध्ये, दवाखान्यात न आलेल्या सर्वसाधारण बायकांत स्त्रीरोगांचं प्रमाण किती, याचा थेट तपासणीवर आधारलेला अभ्यास जगाच्या वैद्यकीय साहित्यात जवळपास नव्हताच. आकडे होते ते रुग्णालयांचे, म्हणजे दारापर्यंत पोचलेल्यांचे.

राणी बंग यांच्यापुढे बसणाऱ्या बाया मात्र वेगळंच सांगत होत्या. अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, पाळी अंगावर राहते, संबंधाच्या वेळी दुखतं. या गोष्टी नवऱ्याला सांगायच्या नसतात, सासूला सांगून उपयोग नसतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर पुरुष. मग सांगायचं कुणाला? स्त्रीरोगतज्ज्ञ बाई गावात येऊन बसली, तेव्हा सांगणं सुरू झालं.

वासा आणि अमिर्झाच्या अभ्यासाची खरी अवघड बाजू निबंधाच्या 'पद्धती' या भागात दोन परिच्छेदांत आटोपली आहे. प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडणं सोपं असतं. इथे आतून तपासणी करायची होती, स्राव घेऊन काच तयार करायची होती, रक्त-लघवी तपासायची होती, आणि तेही १३ वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांत, लग्न न झालेल्या मुलींसकट. गावात आधी बोलणी झाली. पुढारी, सुईणी, म्हाताऱ्या बायका, यांच्या संमतीशिवाय एक बाई आली नसती. खेड्यात तपासणीचं टेबल, आडोसा, उजेड, सूक्ष्मदर्शक हे सगळं उभं करणं ही एक कसरत. पण त्याहून मोठी गोष्ट विश्वासाची. तपासणारी बाई आपलं गुपित वेशीवर टांगणार नाही, हे पटल्याखेरीज त्या टेबलावर कुणी चढत नाही.

६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ९२ टक्क्यांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार. त्यांत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा. आयुष्यात पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

याच निबंधात एक आकडा आहे ज्याकडे ९२च्या झगमगाटात दुर्लक्ष होतं. विचारल्यावर तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. ४५ टक्क्यांनी काही त्रास नाही असं सांगितलं, आणि तपासणीत त्यांच्यातल्याही बहुतेक जणी आजारी निघाल्या. दुखणं असतं, तक्रार नसते. कधी त्रास इतका अंगवळणी पडतो की तो बाईपणाचाच भाग वाटतो. कधी आजारच मुका असतो. दवाखान्याच्या दारात बसून रोग मोजणाऱ्या शास्त्राला हा मोठा धक्का होता.

निबंधाचा परिणाम भराभर झाला. १९९१मध्ये रूथ डिक्सन-म्यूलर आणि ज्युडिथ वॉसरहाइट यांनी तिसऱ्या जगातल्या स्त्रियांच्या जननमार्ग-संसर्गांवर एक पुस्तिका लिहिली. तिच्या शीर्षकातच मौनाच्या संस्कृतीचा उल्लेख होता, आणि तिच्या पुराव्यांत गडचिरोली होती. १९९३मध्ये इजिप्तच्या गिझा भागात हुदा झुरैक आणि सहकाऱ्यांचा असाच गावपातळीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्नाटकात, गुजरातेत, बंगालमध्ये, मुंबईत अभ्यास झाले. १९९४च्या सप्टेंबरात कैरोला लोकसंख्या आणि विकासाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि लोकसंख्या-नियंत्रणाच्या जागी 'प्रजनन आरोग्य' ही कल्पना जगाच्या धोरणात आली. कैरोचं श्रेय एका निबंधाला देणं अतिशयोक्ती ठरेल. तिथे जगभरच्या स्त्री-संघटनांची वीस वर्षांची लढाई होती. पण लढाईला लागणारा दारूगोळा, म्हणजे मोजलेला पुरावा, ज्या थोड्या ठिकाणांहून आला त्यांत वैनगंगेकाठची ही दोन गावं होती. भारताने १९९६मध्ये कुटुंबनियोजनाची टार्गेट काढून टाकली आणि १९९७च्या ऑक्टोबरात प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू केला. जननमार्गाच्या संसर्गांना पहिल्यांदाच राष्ट्रीय कार्यक्रमात जागा मिळाली. त्याच सुमारास दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना याबद्दल प्रश्न विचारले गेले.

इथवरची गोष्ट सरळ आहे, आणि गौरवग्रंथ इथेच संपतात. विद्वत्तेचा प्रभाव मात्र केवळ होकारांनी मोजायचा नसतो. एखाद्या निबंधाशी पुढची पिढी किती भांडली, त्यातून किती नवे प्रश्न निघाले, हेही त्याचं माप असतं. ९२ टक्के या आकड्याशी पुढचे संशोधक भरपूर भांडले.

पहिला आक्षेप व्याख्येचा. या ९२मध्ये लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग होते, शरीरातल्याच जंतूंचा तोल बिघडून होणारे संसर्ग होते, पाळीच्या तक्रारी होत्या, गर्भाशयमुखावरचे बदल होते. सगळे एका तराजूत टाकले की आकडा फुगतो. शिवाय सगळ्याच पात्र स्त्रिया तपासणीला आल्या नव्हत्या. ज्यांना त्रास आहे त्या जास्त येण्याची शक्यता राहतेच. मायकल कोनिग, शिरीन जेजीभॉय आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये भारतातले असे सगळे अभ्यास एकत्र ठेवून त्यांची कसून तपासणी केली, तेव्हा गावागणिक आणि व्याख्येगणिक आकडे किती हलतात हे दिसलं. १९९९मध्ये बांगलादेशातल्या मतलब इथून सारा हॉक्स आणि सहकाऱ्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्येच आला. स्रावाची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांत लैंगिक संसर्ग असलेल्या अगदी थोड्या निघाल्या. म्हणजे लक्षण ऐकून सरसकट प्रतिजैविकं देण्याची जी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली होती, तिच्यात बरीचशी औषधं संसर्ग नसलेल्या बायकांच्या पोटात जाणार होती. नवऱ्याने विनाकारण संशय घेण्याची जोखीम आणखी वेगळी.

आणि मग गोवा. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी आल्दोना परिसरात जवळपास अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. प्रश्न साधा होता: बायका अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार का करतात? २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचं उत्तर असं की या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी, नैराश्य-चिंतेशी आणि शरीरातून बोलणाऱ्या थकव्याशी अधिक घट्ट आहे. गडचिरोलीत रोग होता आणि तक्रार नव्हती. गोव्यात तक्रार होती आणि रोग सापडत नव्हता.

वरवर पाहता हे एकमेकांना खोडणारे निष्कर्ष. प्रस्तुत लेखकाला ते तसे वाटत नाहीत. राणी आणि अभय बंग यांनी १९९४मध्ये एका इंग्रजी संपादित ग्रंथात ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांना पांढऱ्या स्रावाबद्दल काय वाटतं, यावर एक प्रकरण लिहिलं होतं. बायका हा स्राव कशाने होतो मानतात, त्याने शरीराची शक्ती कशी झिजते असं समजतात, कोणता पांढरा साधा आणि कोणता वाईट, हे त्यांच्याच सांगण्यातून तिथे मांडलं आहे. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची काच आणि बाईचं म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही तपासाव्या लागतात, हे गडचिरोलीत आधीच उमगलेलं होतं. पटेलांनी त्या म्हणण्याला मानसशास्त्राची मोजपट्टी लावली. धागा एकच आहे. बाई जे सांगते ते लक्षण म्हणून ऐकायचं की तिच्या आयुष्याचं वर्तमान म्हणून, हा प्रश्न स्त्रीरोगशास्त्रातून निघून मनोविकारशास्त्राच्या अंगणात गेला, आणि दोघांनाही त्याचा उपयोग झाला.

ही चर्चा केवळ विद्वानांच्या कामाची नाही. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या कित्येकींची सुरुवात पाठदुखीने, पाळीच्या त्रासाने किंवा अंगावरून पांढरं जाण्यानेच झाली होती. तक्रारीचा अर्थ न लावता तिच्यावर सुरी चालवली की काय होतं त्याचा हा महाराष्ट्रातला दाखला. वासा-अमिर्झाचा निबंध आणि आल्दोन्याचा निबंध, दोन्ही त्याआधीच छापले गेले होते.

बायकांना बोलतं केल्यावर आणखी एक उत्तर आलं, जे कुठल्याच वैद्यकीय प्रश्नावलीत बसत नव्हतं: दारू. नवरा पितो, मजुरी पिठ्यात जाते, घरी मारहाण होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. शेजारच्या चंद्रपुरात ती पारोमिता गोस्वामी आणि हजारो स्त्रियांच्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५पासून लागू झाली, आणि २०२१मध्ये उठवलीही गेली. बंदीने साधतं काय, यावर दोन्ही जिल्ह्यांत आजही तावातावाने वाद होतो. गडचिरोलीत २०१६पासून सुरू झालेला 'मुक्तिपथ' हा शासन, टाटा ट्रस्ट्स आणि 'सर्च' यांचा कार्यक्रम दारूबरोबर खर्ऱ्यालाही हात घालतो. चौकाचौकात पन्नीवर घोटून मिळणारा खर्रा विदर्भाबाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. इथे तो शाळकरी पोरांच्या खिशातही असतो.

राणी बंग यांच्या नावाशी जोडलेलं दुसरं मोठं संशोधन बालमृत्यूंचं. इथे लेखकांच्या यादीत पहिलं नाव अभय बंग यांचं असतं, दुसरं बहुधा राणी बंग यांचं. 'बंग दांपत्य' असा एकत्रित उल्लेख करायची सवय असल्याने कुणी काय केलं हे वेगळं काढणं अवघड, आणि कदाचित त्या दोघांना ते आवडणारही नाही. तरी वाचकाने एवढं ध्यानात घ्यावं की बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं तर सुईणींची मर्जी लागते, आणि सुईणींशी संवाद ही स्त्रीरोगतज्ज्ञाची मिळकत होती.

१९९०च्या 'लॅन्सेट'मधला न्यूमोनियाचा प्रयोग ५८ गावांत झाला, तुलनेसाठी आणखी ४४ गावं होती. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी, सुईणींनीसुद्धा, न्यूमोनिया ओळखून साधं प्रतिजैविक दिलं. वर्षभराने पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१ आणि तुलनेच्या गावांत १७.५ होते. अडचण अशी होती की न्यूमोनिया ओळखायला मिनिटाला श्वास मोजावे लागतात, आणि पुष्कळ सुईणींना पन्नास-साठपर्यंत आकडे येत नव्हते. मग एक साधन तयार झालं. लाकडी पट्टीवर एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी: दोन महिन्यांखालच्या बाळासाठी एक, मोठ्या मुलासाठी दुसरी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. याही साधनावर रीतसर निबंध लिहिला गेला, हे महत्त्वाचं. गावठी जुगाड म्हणून ते सोडून दिलं असतं तर गावातच राहिलं असतं.

त्यानंतर नवजात बाळं. ३९ गावांत १९९५पासून आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या गावातल्याच स्त्रिया बाळंतपणाला हजर राहू लागल्या, बाळाला गुंडाळणं, अंगावर पाजणं, वजन करणं पाहू लागल्या, आणि जंतुदोष दिसला तर आईवडिलांच्या संमतीने इंजेक्शन देऊ लागल्या. सुरुवातीला दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५वर आला. यावरचा निबंध डिसेंबर १९९९चा. सातवी-आठवी शिकलेली बाई बाळाला जेंटामायसिन टोचते, हे वाचून बालरोगतज्ज्ञ हादरले होते. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, हा पद्धतीतला आक्षेप आजही योग्यच आहे. त्याचं उत्तर इतरत्र झालेल्या प्रयोगांनी दिलं: उत्तर प्रदेशातल्या शिवगढला आणि बांगलादेशातल्या सिल्हेटला, दोन्ही २००८मध्ये प्रसिद्ध झालेले, चिठ्ठ्या टाकून गावं निवडलेले, आणि दोन्हीकडे घरभेटींनी नवजात मृत्यू बरेच घटले. २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरभेटींची शिफारस केली. २०११पासून भारतातल्या आशा कार्यकर्त्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा किंवा सात घरभेटी देतात. इंजेक्शनची सुई मात्र राष्ट्रीय कार्यक्रमाने आशाच्या हाती दिली नाही. प्रभाव असा छाटून, बेताने, सरकारी कात्रीतून जातो.

या सगळ्या गाजावाजात राणी बंग यांचा २००४चा एक निबंध मागे राहिला. खरं तर तो फार मोलाचा आहे. त्याच ३९ गावांत घरी होणाऱ्या बाळंतपणांवर नजर ठेवून ७७२ स्त्रियांच्या आजारांची नोंद केली. निम्म्याहून अधिक, ५२.६ टक्के, स्त्रियांना बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दिवसांत काही ना काही आजार झाला. प्रसूतीच्या वेळचं प्रमाण १७.७ टक्के, त्यानंतरचं ४२.९ टक्के. म्हणजे धोका बाळ बाहेर आल्यावर संपत नाही. मातामृत्यूंच्या मोजणीत मेलेल्या स्त्रिया येतात. जगलेल्या पण मोडून पडलेल्या स्त्रियांना मोजायचं असतं हे या निबंधाने सांगितलं. वासा-अमिर्झाच्या निबंधाचाच हा पुढचा अध्याय म्हणायला हरकत नाही.

हे गडचिरोलीतच का झालं? एक उत्तर सोपं: जिद्दीची माणसं तिथे गेली. दुसरं थोडं खोलवरचं. या मुलखात अभ्यास ही गोष्ट केवळ बाहेरून आलेल्या पदवीधरांची नव्हती. शोधग्राम ज्या धानोरा रस्त्यावर आहे त्याच बाजूला मेंढा (लेखा) हे गोंड गाव. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने तिथे ऐंशीच्या दशकापासून अभ्यासगट चालत आले. गावाने आपल्या जंगलाचा, कायद्याचा अभ्यास स्वतः केला आणि २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. कुरखेड्याला सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था याच काळातली. शोधग्रामचा दवाखाना १९९३नंतर उभा राहिला तो आदिवासींना आपला वाटेल अशा घरांच्या रचनेत, आणि त्याला नाव दिलं गेलं दंतेश्वरी मातेचं, लोकांनीच सुचवलेलं. आपल्याबद्दल माहिती गोळा होते आहे तर ती आपल्यालाही कळली पाहिजे, ही अपेक्षा इथल्या गावांना चुकीची वाटत नाही. संशोधकाला असे लोक मिळणं हे भाग्यच.

'सर्च'च्या पुढच्या फळीनेही तोच प्रदेश वाचला. न्यूरॉलॉजिस्ट योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली आणि २०१५मध्ये दाखवून दिलं की ग्रामीण गडचिरोलीत मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात झालं आहे. सुमारे सातातला एक मृत्यू त्याचा. हिवताप आणि कुपोषण यांच्यापलीकडे या जिल्ह्याकडे न पाहणाऱ्यांना हे नवंच होतं. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८मध्ये देशभरच्या आदिवासी आरोग्याचा जो अहवाल दिला त्यात असे असांसर्गिक आजार आणि मानसिक आरोग्य-व्यसन यांचाही भार मोजला गेला. त्या अहवालाची अंमलबजावणी किती झाली, हा वेगळ्या आणि कडू लेखाचा विषय.

राणी बंग यांचं मोठेपण नेमकं कशात? ९२ या आकड्यात नाही. तो पुढे सुधारला, फोडला, वादात सापडला, आणि तसंच व्हायला हवं होतं. आधी ऐकायचं, मग मोजायचं, आणि मोजलेलं ज्यांच्याबद्दल आहे त्यांना परत सांगायचं, या क्रमाला त्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. आज 'लोकसहभागी संशोधन' हा शब्द प्रत्येक अनुदान-अर्जात असतो. १९८६ साली तो फॅशनमध्ये नव्हता.

आता एक विनंती, विशेषतः या दोन जिल्ह्यांतल्या तरुण वाचकांना. चंद्रपूरला २०१५पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. वासा आणि अमिर्झा कुठे पळून गेलेली नाहीत. १९८६च्या मानाने आज तिथे आशा कार्यकर्त्या आहेत, बाळंतपणं दवाखान्यात होतात, मोबाइल आहेत, आणि गर्भाशय काढून टाका म्हणणारे खासगी दवाखानेही बसभाड्याच्या अंतरावर आहेत. त्या ६५० स्त्रियांच्या मुली-नातींना काय होतं, आणि त्या काय सांगतात, हे तीच शिस्त पाळून, पण आता मनाची मोजपट्टीही सोबत घेऊन, पुन्हा तपासायला हवं. मूळ निबंध चार पानांचा आहे. एका बैठकीत वाचून होतो. तिथून सुरुवात करा.